काचेवरचे काम, कागदावरचे नाव

भिवंडीच्या यंत्रमागावर मजुरी मिळते ती विणलेल्या मीटरवर. माग चालला तर पैसे. सूत महागले, बीम आले नाही, वीज गेली किंवा मालाला उठाव नाही म्हणून मालकाने पाळी बंद ठेवली, तर त्या दिवसाचे काहीच नाही. २०१६ची नोटाबंदी, २०१७चा जीएसटी आणि २०२०ची टाळेबंदी असे तीन तडाखे चार वर्षांत बसले आणि अनेक कारखान्यांतले माग किलोच्या भावाने भंगारात गेले. त्याच काळात माणकोली, पूर्णा, काल्हेर, दापोडे, वळ, राहनाळ या गावांतून गोदामांच्या रांगा वाढत गेल्या. तिथे काम आहे, पण ते ठेकेदाराच्या हजेरीवर. अशा गावात आखाती देशांतल्या साफसफाईच्या नोकरीची खबर आली की ती ऐकायला कान तयारच असतात. शिक्षणाची अट नाही, राहायला कंपनीचा कॅम्प, जाण्यायेण्याचे तिकीट कंपनीचे, आणि काम काय, तर इमारतीच्या काचा पुसायच्या. हे काम करायला परदेशी जावे का आणि जायचे तर कशाच्या बळावर, हा या लेखाचा प्रश्न आहे. माझे उत्तर आधीच सांगून टाकतो: जावे, पण 'क्लीनर' म्हणून जाऊ नये. उंचीवरची काच पुसणे हा कसबाचा धंदा आहे. कसब म्हणून त्याची नोंद झाली तर त्यातून घर उभे राहू शकते. साधी मजुरी म्हणून नोंद झाली तर चाळिसाव्या मजल्यावर लोंबकळणाऱ्या माणसालाही पगार फरशी पुसण्याचाच मिळतो.

भिवंडीला परदेश नवा नाही आणि स्थलांतर तर मुळीच नवे नाही. हे गावच मुळी आलेल्यांनी वाढवले. १८५७ नंतर उत्तर प्रदेशातून मोमीन विणकर आले, पुढे तेलंगणातून पद्मशाली आले, मग बिहार, ओडिशाकडचे कामगार आले. आजूबाजूचे आगरी, कुणबी आणि कोकणी मुसलमान तर आधीपासूनचे. कोकण किनाऱ्यावरच्या घरांतून जहाजावर खलाशी म्हणून जाण्याची रीत जुनी; १९७३ नंतर तेलाचे भाव चढले आणि त्याच घरांतली पुढची पिढी कुवेत, दुबई, सौदीकडे वळली. मागावरच्या परप्रांतीय कामगाराच्या दृष्टीने आखातात जाणे हे दुसरे स्थलांतर ठरते. गाव सोडून भिवंडीच्या खोलीत पाळीपाळीने झोपायचे, बिशीत, म्हणजे कामगारांच्या खानावळीत, जेवायचे, महिन्याला घरी पैसे पाठवायचे, हे त्याच्या अंगवळणी पडलेलेच असते. म्हणून कॅम्पमधल्या एका खोलीत आठ माणसे ऐकून तो दचकत नाही, आणि म्हणूनच त्याची फसवणूकही सोपी होते. ज्याने आधीच कमीत भागवायची सवय केली आहे, त्याला कमी देणे कोणालाही जमते.

या स्थलांतराचा विचार राज्यपातळीवर फारसा होत नाही, आणि त्यामागे एक फसवा आकडा आहे. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीनुसार २०२३-२४ मध्ये परदेशातून भारतात ११८.७ अब्ज डॉलर आले. त्यात महाराष्ट्राचा वाटा २०.५ टक्के, म्हणजे केरळच्या १९.७ टक्क्यांपेक्षाही जास्त. हा आकडा वाचून आपले बरे चालले आहे असे वाटते. पण याच पाहणीत अमेरिकेतून येणाऱ्या पैशाचा वाटा २७.७ टक्के आणि सर्व आखाती देश मिळून ३८ टक्क्यांच्या आसपास आहे. २०१६-१७ साली आखाताचा वाटा ४७ टक्के होता. महाराष्ट्राच्या खात्यात पडणारा पैसा मोठ्या प्रमाणात पुण्या-मुंबईहून गेलेल्या शिकलेल्या नोकरदारांचा आहे. परवाना लागणाऱ्या मजुरांच्या यादीत उत्तर प्रदेश, बिहार वर असतात आणि महाराष्ट्र बराच खाली. भिवंडीत पंधरा वर्षे राहिलेला माणूस गावच्या पत्त्याच्या पासपोर्टवर गेला तर तो त्या राज्याच्या हिशेबात जातो. त्यामुळे भिवंडीतून मजुरीला जाणारा माणूस महाराष्ट्राच्या श्रीमंत आकड्यातही दिसत नाही आणि गरीब आकड्यातही दिसत नाही. केरळात तिरुवनंतपुरमच्या सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीजने १९९८ मध्ये सुरू केलेली स्थलांतराची पाहणी घरोघरी जाऊन ठरावीक काळाने होत आली आहे. महाराष्ट्रात त्या तोडीची नियमित पाहणी होत नाही. ज्याची मोजदाद नाही त्याच्यासाठी योजनाही नसते.

आता काम पाहू. काच पुसणे म्हणजे कापड फिरवणे, असे घरात बसून वाटते. प्रत्यक्षात धंदेवाईक काच पुसणारा आधी दांडीला लावलेल्या लोकरी बोळ्याने साबणाचे पाणी काचेवर एकसारखे पसरतो. मग रबराचा वायपर वरच्या कोपऱ्यात टेकवून, मनगट वळवत, काच न सोडता डावीकडून उजवीकडे आणि परत असा सापासारखा खाली आणतो. रबराचा कोन थोडा चुकला तर पाण्याची रेघ राहते; दाब जास्त पडला तर वाळूचा कण काचेवर कायमचा ओरखडा काढतो आणि त्या काचेची किंमत कोणाच्या तरी पगारातून जाते. हा वायपर आजच्या रूपात आणला तो एतोरे स्तेकोने या इटलीतून अमेरिकेत गेलेल्या आणि तिथे काचा पुसून पोट भरणाऱ्या कामगाराने, १९३६ च्या सुमारास. म्हणजे या धंद्याचे मुख्य हत्यारच एका स्थलांतरिताच्या हातून घडले आहे. आखातात त्यात वाळवंटाची भर पडते. रात्री समुद्राकडून दमट हवा येते, धुळीवर दव बसते, सकाळी उन्हाने ते वाळते आणि काचेवर खारट लेप तयार होतो. वारा वाढला तर माणसांना वर नेणारा पाळणा खाली घ्यावा लागतो. ऊन चढल्यावर काच एवढी तापते की साबण लावल्या लावल्या सुकतो आणि पुसायचे पाणीच उरत नाही, म्हणून इमारतीची कोणती बाजू कोणत्या वेळी करायची याचा हिशेब करावा लागतो. ८२८ मीटर उंचीच्या बुर्ज खलिफाला २४ हजारांवर खिडक्या आहेत; कायम बसवलेल्या यंत्रांच्या पाळण्यांतून ३६ जणांची तुकडी एक फेरी पूर्ण करायला तीन-चार महिने घेते, असे बातम्यांतून अनेकदा आले आहे. फेरी संपते तोवर पहिली बाजू पुन्हा धुळकट झालेली असते.

जिथे पाळणा पोचत नाही तिथे माणूस दोरावर उतरतो. या कामाची जगात मान्य झालेली पद्धत इराटा या ब्रिटनमध्ये १९८०च्या दशकात सुरू झालेल्या संघटनेने घालून दिली आहे. त्यात दोन दोर असतात: एकावर माणूस काम करतो, दुसरा स्वतंत्र जागी बांधलेला आणि पहिला तुटला तरच भार घेणारा. पहिल्या पातळीचे प्रशिक्षण किमान चार दिवसांचे, आणि परीक्षा घेणारा बाहेरचा माणूस. प्रमाणपत्र तीन वर्षे चालते. दुसरी पातळी गाठायला किमान एक वर्ष आणि दोरावरचे १,००० तास वहीत नोंदलेले लागतात. हार्नेसमध्ये बेशुद्ध होऊन लटकलेल्या सोबत्याला खाली कसे आणायचे हाही शिक्षणाचा भाग आहे, कारण पट्ट्यांनी मांड्यांतला रक्तप्रवाह अडला की थोड्या वेळातच जीव धोक्यात येतो. एवढे सगळे ज्याला येते त्याला कोणत्याही सरळ अर्थाने कारागीर म्हणायला हवे.

कागद मात्र तसे म्हणत नाही, आणि माझ्या मते सगळ्या प्रश्नाची गाठ इथे आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २००८ च्या व्यवसाय वर्गवारीत खिडक्या पुसणाऱ्यांचा क्रमांक ९१२३ आहे. नववा गट म्हणजे सगळ्यात खालचा, ज्याला कौशल्य लागत नाही असे मानलेल्या कामांचा. याच वर्गवारीत इमारतीचा बाहेरचा दगड, वीट, धातू साफ करणाऱ्यांचा क्रमांक ७१३३ आहे, आणि सातवा गट कारागिरांचा आहे. म्हणजे एकाच इमारतीच्या एकाच बाजूवर दोन माणसे उतरली, एकाने दगड धुतला आणि दुसऱ्याने शेजारची काच धुतली, तर पहिला कारागीर आणि दुसरा मजूर. गंमत नाही, खेदाची गोष्ट अशी की ९१२३ च्या वर्णनात झुलते पाळणे आणि दोरावरची खुर्ची यांचा उल्लेख आहे. म्हणजे वर्गवारी करणाऱ्यांना उंची ठाऊक होती, तरीही त्यांनी ती मोजली नाही. भारताची २०१५ ची राष्ट्रीय वर्गवारी याच साच्यावर बेतलेली आहे. हा केवळ सरकारी क्रमांकांचा घोळ समजू नये. कोणत्या कामाला किती किमान वेतन, कोणत्या व्हिसावर कोण येणार, कोणाला कुटुंब आणता येणार, हे सगळे या पायऱ्यांवरून ठरते. यूएईमध्ये, म्हणजे संयुक्त अरब अमिरातीत, कामगारांचे नऊ स्तर आहेत आणि सफाई कामगार तळाला येतो. तिथे परदेशी कामगाराला सरसकट किमान वेतनच नाही, त्यामुळे तळाच्या माणसाचा पगार करारात जो लिहिला तोच. कतारमध्ये मार्च २०२१ पासून महिना १,००० रियाल किमान वेतन आहे, आणि मालक राहणे-जेवण देत नसेल तर वर ५०० आणि ३०० रियाल. हजार रियाल म्हणजे साधारण २३-२४ हजार रुपये. जमिनीवर फरशी पुसणारा आणि तिसाव्या मजल्यावर काच पुसणारा, दोघांच्या करारावर 'क्लीनर' असेल तर दोघांना हाच तळ लागू.

हे असेच असते, जगात कुठेही काच पुसण्याला एवढीच किंमत, असे कोणी म्हणेल तर जर्मनीकडे पाहावे. तिथे इमारत-सफाई हा तीन वर्षे उमेदवारी करून शिकण्याचा हस्तव्यवसाय आहे, आणि त्या क्षेत्राच्या वेतनकरारात दोन वेगळे दर आहेत. २०२५ साली आतल्या साफसफाईला तासाला १४.२५ युरो, तर काच आणि दर्शनी भागाच्या सफाईला १७.६५ युरो असा किमान दर होता. म्हणजे काच पुसणाऱ्याला जवळजवळ चौथा हिस्सा जास्त. काच तीच, साबण तोच, वायपरही तोच. फरक एवढाच की तिथे कामगार संघटना आणि मालक संघटना यांनी एका टेबलावर बसून उंचीची आणि हाताची किंमत ठरवली आणि कागदावर आणली. कौशल्य आकाशातून पडत नाही, ते मान्य करून घ्यावे लागते.

आपल्याकडच्या कागदांकडे वळले की आणखी एक उफराटी गोष्ट दिसते. परदेशी मजुरीसाठीचा आपला कायदा १९८३चा आहे. त्यानुसार दहावी न झालेल्याच्या पासपोर्टवर ईसीआर, म्हणजे 'परदेशी जाण्याआधी तपासणी हवी' असा, शिक्का येतो आणि आखातासह १८ देशांत नोकरीला जाताना प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स या सरकारी अधिकाऱ्याची परवानगी लागते. ही परवानगी म्हणजे कटकट असे एजंट सांगतो आणि कामगारालाही तसेच वाटते. पण त्या परवानगीबरोबर करार तपासला जातो, आणि २७५ किंवा ३७५ रुपयांत १० लाखांचा प्रवासी भारतीय विमा मिळतो. दहावी झालेला मुलगा मात्र या सगळ्यातून सुटतो, म्हणजे वगळला जातो. भिवंडीत आता दहावी झालेली मुले मुबलक आहेत. तीच काचा पुसायला जातात आणि त्यांच्याच करारावर कोणाची नजर नसते. नोव्हेंबर २०१८ मध्ये परराष्ट्र खात्याने अशांनाही नोंदणी सक्तीची करायचे जाहीर केले आणि काही दिवसांतच तो निर्णय स्थगित केला. कायदाच बदलण्याचे मसुदे २०१९ मध्ये आले, २०२१ मध्ये आले, अजूनही येत आहेत. दहावीचा दाखला दोर तपासत नाही आणि करारातली बारीक अक्षरेही वाचत नाही, एवढी साधी गोष्ट कायद्यात शिरायला चाळीस वर्षे पुरलेली नाहीत.

पैशाचा हिशेब एकदा सविस्तर मांडायला हवा, कारण बहुतेकांचे नुकसान इमारतीवर चढण्याआधीच झालेले असते. नोंदणी असलेल्या एजंटाने कामगाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५,४०० रुपये घ्यावेत असा नियम आहे. यूएईच्या २०२१ च्या कामगार कायद्यानुसार तर भरतीचा खर्च मालकानेच करायचा आहे. पण भिवंडीतल्या मुलाला नोंदणीकृत एजंट क्वचितच भेटतो. भेटतो तो मधला माणूस, ओळखीचा, नात्यातला, मोहल्ल्यातला, ज्याला कायद्याच्या लेखी अस्तित्वच नाही. समजा त्याने सगळे मिळून एक लाख मागितले आणि ते महिना तीन टक्क्यांनी उचलले. मुलगा तिथून महिना १५,००० रुपये पाठवू लागला आणि सगळे कर्जातच गेले, तर फिटायला साडेसात महिने लागतात. तेच कर्ज ३५,४०० चे असेल तर अडीच महिने. दोन वर्षांच्या करारातले पाच महिने, म्हणजे पाचवा हिस्सा, फक्त मधल्या माणसाच्या हव्यासापायी गेला. त्यापेक्षा वाईट हे की कर्ज असलेला कामगार दुसरा दोर मागत नाही. वारा सुटला आहे, मी दोरावर उतरणार नाही असे म्हणायची ताकद त्याच्यात नसते, कारण परत पाठवले तर व्याज दारात उभे असते. उंचीवरच्या सुरक्षिततेचा आणि भिवंडीतल्या सावकाराचा संबंध असा थेट आहे. आणि नोंदणीशिवाय भरती करणाऱ्याला १९८३ च्या कायद्यात दंड किती? दोन वर्षांपर्यंत कैद आणि २,००० रुपयांपर्यंत दंड. एका मुलाकडून लाख घेणाऱ्याला दोन हजारांची भीती कशी वाटावी?

यावर पहिला आक्षेप अनुभवी माणसे घेतात: हे काम कोणालाही आठ दिवसांत येते, त्याला कौशल्य म्हणणे म्हणजे शब्दांचा फुगवटा. खालच्या दोन मजल्यांची काच पुसायला आठ दिवस पुरतात, हे मान्य. पण मागाच्या बाबतीतही तेच आहे; माग चालू करणे एका दिवसात येते, तुटलेला ताणा हाताने ओळखणे आणि कापडाला डाग न पडू देता चार माग एकाच वेळी सांभाळणे याला वर्षे लागतात, आणि भिवंडीत कोणी त्याला बिनकसबी म्हणत नाही. ज्या कामात चूक झाली तर माणूस मरतो आणि खालून चालणाराही मरतो, तिथे शिकायला किती दिवस लागले यावरून मोल ठरवणे चुकीचे आहे. ब्रिटनने २००५ साली उंचीवरच्या कामाचे स्वतंत्र नियम केले ते याच विचाराने.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. कमी का होईना, पगार ठरलेला आहे, महिन्याला खात्यात येतो. मागावर तेही नाही. मग कौशल्याची वाट कशाला पाहायची? या म्हणण्यात तथ्य आहे आणि ते झटकून टाकण्याचा हक्क पोट भरलेल्या माणसाला नाही. यूएईत २००९ पासून पगार बँकेमार्फतच देण्याची पद्धत आहे आणि तिने पगार बुडवण्याला बराच आळा घातला. पण तुलना करताना मागावरच्या वाईट महिन्याशी आखाताचा चांगला महिना लावला जातो. कर्जाचे महिने, मेडिकलचा खर्च, पहिला पगार येईपर्यंतचा काळ, दोन वर्षांत एकदा घरी येणे, हे धरले तर साध्या 'क्लीनर'चा फायदा बराच आटतो. इराटाची पहिली पातळी घेतलेला माणूस मात्र काच, रंग, सीलंट, जाहिरातीचे फलक, तेलशुद्धीकरणातली तपासणी अशा अनेक कामांना उभा राहू शकतो. त्याचा मोलभाव एका मालकाशी बांधलेला राहत नाही. आधी मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलात आणि लोअर परळमध्ये काचेच्या इमारतींवर दोराचे तास नोंदवून मग बाहेर जाणे, हा मार्ग लांबचा वाटतो. प्रत्यक्षात तोच जवळचा आहे.

तिसरा आक्षेप असा की नियम कडक केले की लोक चोरवाटेने, व्हिजिट व्हिसावर जातात, आणि जास्त वेतन मागितले तर मालक नेपाळ, बांगलादेशाकडे वळतात. हा धाक सरकारलाही वाटला. सप्टेंबर २०२० मध्ये परराष्ट्र खात्याने आखातासाठीचे किमान संदर्भ वेतन ३० ते ५० टक्क्यांनी कमी केले, नोकऱ्या टिकाव्यात म्हणून. प्रकरण तेलंगण उच्च न्यायालयात गेले आणि जुलै २०२१ मध्ये जुने दर परत आले. स्वस्ताईवर स्पर्धा केली तर तळ कधीच लागत नाही, कारण आपल्याहून गरीब माणूस जगात नेहमीच सापडतो. फिलिपिन्सने अनेक वर्षे उलटा मार्ग धरला: परवानगीशिवाय माणूस बाहेर सोडायचा नाही, करार आधी तपासायचा, आणि तरी त्यांचे लोक जगभर मागणीत आहेत. व्हिजिट व्हिसाबद्दल म्हणाल, तर यूएईने २०२४ मध्ये परवान्याशिवाय माणूस कामावर ठेवणाऱ्या मालकाचा दंड एक लाखापासून दहा लाख दिरहमपर्यंत नेला आहे. चोरवाट आता मालकालाही महाग आहे. ती स्वस्त आहे असे फक्त एजंट सांगतो. 'आझाद व्हिसा' या गोड नावाचेही तेच. त्यात आझादी कसलीच नसते, एकाच्या नावावर येऊन दुसऱ्याकडे बेकायदा राबणे असते.

आखाताची परिस्थिती काहीच बदललेली नाही असे म्हणणेही अन्यायाचे होईल. कतारने २०२० मध्ये नोकरी बदलायला जुन्या मालकाच्या परवानगीची अट काढली, सौदीने मार्च २०२१ पासून कफीलची, म्हणजे ज्याच्या नावावर व्हिसा असतो त्या मालकाची, पकड काही अंशी सैल केली. यूएईत १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावरचे काम बंद ठेवावे लागते, आणि काच पुसणाऱ्याला या नियमाचा मोठा आधार आहे. पण नियम असणे आणि तो आपल्या कॅम्पपर्यंत पोचणे यात अंतर असते. १२ जून २०२४ ला कुवेतच्या मंगफमध्ये कामगारांच्या इमारतीला आग लागली, ४५ भारतीय गेले. ती माणसे कामावर नव्हती, झोपेत होती. तेव्हा करार पाहताना पगाराच्या आकड्याइतकेच राहण्याच्या जागेबद्दलचे वाक्य पाहायला हवे. यूएईच्या मंत्रालयाचे नोकरीचे पत्र अरबी-इंग्रजीशिवाय हिंदी, उर्दू, मल्याळम, तमिळ, बंगाली या भाषांतही मिळू शकते. मराठी त्यात नाही. केरळ, तामिळनाडूची भाषा तिथे पोचली, आपली पोचली नाही, याची खंत महाराष्ट्र सरकारला वाटायला हवी.

युरोप-अमेरिकेच्या जाहिरातींबद्दल थोडक्यात सांगून पुढे जातो. लंडनमध्ये किंवा टोरांटोत खिडक्या पुसायला माणसे हवीत, व्हिसा आम्ही देतो, असे कोणी म्हटले तर ते जवळजवळ नेहमी खोटे समजावे. ब्रिटनच्या कुशल कामगार व्हिसात हे काम बसत नव्हते, आणि जुलै २०२५ पासून तर पदवीच्या पातळीखालच्या बहुतेक कामांना दार बंद झाले. जर्मनीचा मार्ग खरा आहे, पण त्याला भाषा आणि तीन वर्षांची उमेदवारी लागते. २०२४ मध्ये महाराष्ट्राने बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी करार केला आणि १० हजार तरुणांना जर्मन शिकवून पाठवायचे ठरवले. भिवंडीच्या मुलासाठी तो मार्ग उघडायचा तर जर्मनचा वर्ग पुण्याइतकाच भिवंडीतही भरावा लागेल.

यंत्रे आली की हा धंदाच संपेल, असेही म्हटले जाते. न्यूयॉर्कमध्ये काच पुसणारे रोबोट चालू झाले आहेत. पण सपाट, सरळ काचेवर यंत्र चालते; आखातातले वळणदार, कोनाकोनांचे मनोरे त्याला अजून जड जातात. आणि यंत्र आले तरी ते वर चढवणारा, अडकले तर सोडवणारा माणूस दोरावरचाच लागेल. म्हणजे साधा 'क्लीनर' आधी जाईल आणि प्रमाणपत्रवाला टिकेल. हा मुद्दाही माझ्याच बाजूचा आहे.

मग करायचे काय? केरळने १९९६ मध्ये अनिवासींसाठी नोर्का हे खाते काढले, तेलंगणाने टॉमकॉम ही सरकारी भरती कंपनी काढली. महाराष्ट्रात भिवंडीच्या मोहल्ल्यापर्यंत, शांतीनगरपासून निजामपुऱ्यापर्यंत पोचलेले असे काही नाही. ठाणे जिल्ह्यातल्या आयटीआयमध्ये दोरावरच्या कामाचा अभ्यासक्रम सुरू करावा, प्रमाणपत्राची फी बिनव्याजी कर्जातून द्यावी आणि ते कर्ज पगारातून फेडून घ्यावे; सावकाराच्या लाखापेक्षा ते कितीतरी स्वस्त पडेल. राष्ट्रीय वर्गवारीत उंचीवरून काच साफ करणाऱ्याला सातव्या गटात वेगळा क्रमांक द्यावा, यासाठी पैसा नव्हे, फक्त एक निर्णय लागतो. आणि ईसीआरची नजर दहावीच्या दाखल्यावरून उठवून कामाच्या धोक्यावर ठेवावी.

जो मुलगा यातल्या कशाचीही वाट न पाहता पुढच्या महिन्यात निघणार आहे, त्याला आणि त्याच्या घरच्यांना एवढेच सांगणे आहे. पैसे देण्याआधी एजंटाचा नोंदणी क्रमांक सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासा. ३५,४०० च्या वर एक रुपया देऊ नका आणि जो द्याल त्याची पावती घ्या. करारात कामाचे नाव काय लिहिले आहे ते वाचून घ्या. 'क्लीनर' एवढेच असेल आणि काम उंचीवरचे असेल, तर सही करण्याआधी नाव बदलून मागा. पासपोर्ट स्वतःजवळ ठेवणे हा तुमचा हक्क आहे. शंका आली तर सरकारच्या प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा भारतातून फुकट लागणारा क्रमांक १८०० ११ ३०९० हा आहे, आणि तिथे हिंदीत बोलता येते.